चुलीपुढची काळी चकती

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपल्या गावी, भोंगवलीला, त्या दुपारी बसलेला धक्का अजून अंगातून गेलेला नाही. मी तेव्हा पुण्याच्या प्रयोगशाळेत सिलिकॉनच्या चकत्या घासून आरशासारख्या करायचे. कडेचा टवका उडालेली एक चकती साहेबांना विचारून तुला दाखवायला आणली. भोरला एसटी बदलताना पिशवी पुन्हा पुन्हा चाचपत होते, इतकं मला तिचं अप्रूप. डोळ्यांना ठार काळी, पण निखाऱ्याची धग तिच्यातून आरपार जाते. त्याच सिलिकॉनची एक बाजू तापवून वीज काढायची खटपट शेजारच्या खोलीत चालायची. हे सगळं तुला सांगायची मला कोण घाई.

तू चुलीपुढे भाकरी थापतेयस. मी चकती तुझ्या हातात देते आणि म्हणते, हिच्यातून चुलीकडे बघ, काय दिसतं सांग. काहीच दिसत नाही असं तू म्हणशील, मग मी माझं शहाणपण पाजळणार, असा बेत. तू ती तोंडापुढे धरतेस, तिच्या अलीकडे दुसरा तळवा नेतेस, जरा थांबतेस.

"दिसतोय की जाळ. चांगली काच हाय."

मला वाटलं, थट्टा करतेस. चकती घेऊन मी स्वतः पाहिलं. नुसता काळोख. तिच्यातून जाळ दिसणं कुणालाच शक्य नव्हतं. तुझ्या डोळ्यांपुढे मी बोटं हलवली, तर तू शांतपणे तव्यावरची भाकरी उलटत राहिलीस, आणि ती कुठं करपलीही नव्हती. तळव्याला चकतीतून धग लागली म्हणजे ही काच, हिच्यातून जाळ दिसत असणार, असा तुझा अंदाज. चकतीनं तुझं बिंग फोडलं.

गेल्या दिवाळीच्या आधीपासूनच दिसत नव्हतं, म्हणालीस. पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आता फार उशीर झाला म्हणाले. दवाखान्याच्या बाकावर मी रडले, तुझ्यावरच चिडले, का लपवलंस म्हणून तुझा हात गदागदा हलवला.

"तुला कळलं असतं तर नोकरी सोडून आली असतीस, बाय. म्हून न्हाई बोलले."

तू हे अगदी खात्रीनं म्हणालीस. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं. आई, मी आले नसते.