इराण्याकडचा मस्का-पाव

बाळा सदानंदा,

तुझी होडी समुद्रातून परत आली नाही, त्याला दोन पावसाळे झाले. हे पत्र टाकू तरी कुठं?

आज रविवार. मासळी विकून तुझ्या वेणूला डहाणूच्या इराण्याकडे नेलं. बोर्डीचा भिकू तिला पाटासाठी बघायला आला होता. घरी बोलावला असता तर आळीने तोंड सोडलं असतं. तुझ्या चंद्रीने मस्का-पाव बुडवून चहा फ्रॉकभर सांडला, मी हसून हसून बेजार! भिकूनेच रुमालाने तिचं तोंड पुसलं.

वेणू हळूच म्हणाली, "आय, ते परत आले तर?"

"खा गपचूप, चहा निवतो."

पुढच्या महिन्यात तिचा भिकूशी पाट लावते, तिचा दुसरा संसार मांडून देते. आलास तर आधी माझ्याकडे ये रे, तिच्या दारात उभा राहू नकोस.

वाट बघणारी,
तुझी आय