खुर्चीत बसल्याशिवाय

३ मार्च

साडूचा फ्रिज विकला गेला. एका दिवसात! ही सकाळपासून तेच सांगते आहे. भाऊजींनी फोटो काढला, मोबाइलवर टाकला, संध्याकाळी माणूस येऊन घेऊन गेला. चहा गाळताना फ्रिज, भाजी निवडताना फ्रिज. मी म्हटलं, डबडा होता तो. तर म्हणते, "तेच तर! डबडा असून गेला."

माझी दाढी-कटिंगची खुर्ची दुकान सोडल्यापासून पुढच्या खोलीत उभी आहे. रोज हिचा पाय तिला ठेचकाळतो. मला वाटतं, मुद्दाम ठेचकाळते.

४ मार्च

साडू आला. हिनंच बोलावलं. माझा मोबाइल माझ्याच हातातून काढून घेतला, खुर्चीचे फोटो काढले, जाहिरात टाकून दिली. वर व्याख्यान — पिन कुणाला सांगायचा नाही. मोबाइलवर आलेला आकडा कुणाला वाचून दाखवायचा नाही. फार गोड बोलणारा आला की सावध. "नाहीतर काय साडूभाऊ, एवढ्या लोकांच्या दाढ्या केल्यात, आता तुमचीच बिनपाण्यानं व्हायची." ही हसली. तोंड फिरवून हसली, पण हसली.

आणि मान केवढी डोलवत होती! माझ्या बोलण्यावर कधी डोलवली नाही. त्याला बोलता येतं हे खरं. ऑफिसात बसून बसून येतं ते. माझं सगळं बोलणं गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहून झालं.

५ मार्च

कुणी विचारलं नाही.

७ मार्च

एकानं विचारलं — भंगारात किती वजन भरेल? मोबाइल उशीखाली ठेवून दिला.

साडूचा टेबलफॅन गेला म्हणे.

९ मार्च

गिऱ्हाईक मिळालं! फोनवर, पण मिळालं. बोलायला फार चांगला. मोठा अधिकारी आहे, बदली झाली आहे, नव्या घरात म्हाताऱ्या वडिलांची दाढी करायला अशीच खुर्ची हवी म्हणाला. सांगितली ती किंमत कबूल. घासाघीस नाही! साडूच्या फ्रिजला घासाघीस झाली होती, हे हिच्याच तोंडून कळलं आहे मला. हिला पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी म्हणाली, ऐकलं हो.

मग साडूकडे गेलो. वाटेवर होतं म्हणून डोकावलो, असं सांगितलं. वाटेवर नाही. त्याचा मोठा टीव्ही कोपऱ्यात तसाच पडून आहे, कुणी विचारत नाही. मी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. चेहरा उतरला त्याचा. देवाशपथ उतरला. "बघू," म्हणाला, आणि चष्मा लावून माझ्या मोबाइलवर त्या माणसाचे निरोप, नंबर, सगळं बराच वेळ बघत बसला. "माणूस बरा दिसतो," एवढंच म्हणाला.

आज दोन घास जास्त गेले.

१० मार्च

अधिकाऱ्याचा फोन. पैसे आत्ताच पाठवतो, गाडी उद्या येईल म्हणाला. मोबाइलवर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन पाठवला. तो स्कॅन करायचा, आपला पिन टाकायचा, की पैसे जमा. मी म्हटलं, साहेब, आधी येऊन बसा. तो म्हणाला, कुठे? म्हटलं, खुर्चीत. मी ही घेतली तेव्हा जुन्या मालकानं मला आधी बसवलं, मान टेकवायला लावली, पायानं दांडी दाबून वर-खाली केलं, मगच पैशाला हात लावला. आपल्या खुर्चीत कुणाचं डोकं टेकणार, ते बघायला नको? तुम्हाला जमत नसेल तर वडिलांना पाठवा.

आधी हसला. मग समजूत काढायला लागला. मग चिडला. "आजोबा, खुर्ची विकायची आहे की मुलगी द्यायची आहे?"

मी म्हटलं, बसल्याशिवाय नाही. त्यानं फोन ठेवला.

ही आतून म्हणाली, "घालवलंत ना गिऱ्हाईक!"

११ मार्च

मीच फोन लावून पाहिला. उचलत नाही. न बसता दिली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? पण मग वाटतं, बसल्याशिवाय कशी द्यायची? पुन्हा फोन लावला. नाही उचलला.

१२ मार्च

मोठ्या मेहुणीचा हिला फोन. टीव्ही जातो आहे! कुणी मोठा अधिकारी आहे, बदलीवाला. घासाघीस नाही.

माझाच माणूस! चष्मा लावून काय बघत होता ते आता कळलं. नंबर पाठ करत होता! माझं गिऱ्हाईक पळवलं! हिला सांगितलं तर म्हणते, "तुम्ही सोडलं, त्यांनी धरलं. त्यात काय एवढं?"

त्याचा टीव्ही जिन्यात आपटू दे. असं लिहू नये. पण आपटू दे.

जेवलो नाही. हिनं आग्रहही केला नाही.

१३ मार्च

ही आता माझ्यासमोर साडूचं नाव घेत नाही. त्यानं जास्तच जळतं. नुसती भांडी घासत असली तरी मनात तेच असणार — भाऊजी कसे हुशार!

१५ मार्च

साडू आला. ही बाजारात गेल्याचं बघूनच आला असावा. बोलायचं नाही असं ठरवलं होतं मी. तो सरळ खुर्चीत बसला. आजवर माझ्या खुर्चीत कधी बसला नव्हता — एसी सलूनवाला माणूस.

खात्यातलं सगळं गेलं. यानं तो चौकोन स्कॅन केला, पिन टाकला, तर पैसे यायच्या ऐवजी गेले. तो हरामखोर म्हणाला, काहीतरी चुकलं, पुन्हा टाका, सगळे परत येतील. यानं पुन्हा टाकला. बँकेतल्या बाईनं सांगितलं, काका, पैसे घ्यायला पिन लागतच नाही. टाकला की पैसे जातात. तक्रार लिहून घेतली आहे. बघू म्हणाली.

"पिन मी कुणाला सांगितला नाही हो, साडूभाऊ," म्हणाला. "फक्त टाकला."

घरात अजून सांगितलेलं नाही. टीव्ही बांधून ठेवला आहे, गाडी यायची आहे असं रोज सांगतो.

उठताना खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. "तुम्हाला पूर्ण किंमत देणारा मिळाला ना, ते मला बघवलं नाही."

माझं! माझं बघवलं नाही त्याला!

१६ मार्च

आज पुन्हा आला. दाढी वाढली होती. पाणी गरम केलं. मान टेकवून डोळे मिटून बसला. हिनं आतून विचारलं, "भाऊजी, गेला का हो टीव्ही?" वस्तरा गळ्याशी होता. गळा हलला.

मी म्हटलं, "त्यांना बोलायला लावू नकोस. कापेल."