तिच्या कंपनीचे एकशे नव्वद शेअर

१० जून, मंगळवार

घेतले! एकशे नव्वद. दोनशे बाराच्या भावानं.

आता तिच्या कंपनीत माझा वाटा आहे. एवढ्या मोठ्या रंगाच्या कारखान्यात तो म्हणजे डब्यातला थेंबही नसेल. पण कुठला थेंब हे कुणी ठरवायचं? मी ठरवलं — तिच्या ब्रशच्या टोकावरचा. मामाच्या दुकानात दिवसभर हेच डोक्यात. गिऱ्हाइकानं पांढरा मागितला, मी टर्पेंटाइन दिलं.

पैसे बाबांचे. मुदत ठेव मोडून दिलेले एक्केचाळीस हजार, कॉलेजात पुन्हा नाव घालायला. (सरांशी भांडून जर्नल खिडकीतून फेकलं नसतं तर आज शेवटच्या वर्षाला असतो. असो.) फीची शेवटची तारीख ३१ जुलै. पन्नास दिवस बँकेत नुसते लोळणार, त्यापेक्षा जरा हिंडून येतील.

१३ जून

ती आली! महिन्यातून एकदा येते, दुकानात नवी शेडकार्डं लावायला. कार्डावरचे ते इवले चौकोन अजूनही हातानं रंगवतात, तिच्या विभागात. रंगांची नावंही तिथंच ठरतात. मनगटावर निळसर ठिपका होता. हे काय, विचारलं.

"झोपलेलं पाणी," म्हणाली. "अजून पक्कं नाही. साहेबांना आवडलं तर."

मी शेअर घेतलेत हे सांगणार होतो. सांगितलं नाही. ती गेल्यावर दुकानातले सगळे डबे उगाच माझ्याकडे बघतायत असं वाटलं.

१८ जून

एकशे अठ्ठ्याण्णव.

२४ जून

एकशे ऐंशी. मामानं माझा फोन बघितला. मग काय, उद्धार! जिथं गिऱ्हाईक म्हणून राहावं तिथं जावई व्हायला निघालास, म्हणाला. सहा हजारांचा खड्डा पडलाय, आजच वीक, तेवढं मी भरतो, बाबांना कळायचं नाही.

मी झाकण आपटलं. विकलं की तोटा खरा होतो. तोवर तो फोनच्या काचेआडच असतो. दोनशे बारा होऊ दे, त्याच क्षणी विकतो, असं सांगितलं.

"बाजाराला तुझा दोनशे बारा ठाऊक आहे का रे?"

गोदामात जाऊन बसलो. तिथं रंगाचा वास गार असतो.

३ जुलै

दुपारी पोत्याला टेकून डोळा लागला. स्वप्नात भाव रंगांत येत होता. एकशे सत्तर म्हणजे ओल्या वाळूचा, एकशे नव्वद कोवळा, पोपटी. ती भिंतीवर एक एक पट्टा ओढत वर चाललेली, मी खाली शिडी धरून. दोनशे बाराचा रंग कुठला ते बघायच्या आत मामानं हाक मारली.

९ जुलै

कंपनीकडून मेल! भागधारकांनी मत द्यावं म्हणून सहा ठराव पाठवलेत. मला विचारतायत, मला! कॉलेजात हजेरीसाठीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

सहाही ठरावांना 'हो'. चौथा जरा लांबलचक होता — जुन्या आवाराची विक्री, तिथल्या विभागांची फेररचना, वगैरे. तिच्या घरच्या कुठल्याही गोष्टीला नाही कसं म्हणायचं?

१४ जुलै

आली. घाईत होती, डोळे सुजलेले. मनगट कोरं. काय झालं विचारायची छाती झाली नाही.

२२ जुलै

कंपनीची वार्षिक सभा. शर्ट इस्त्री करून गेलो. मोठा हॉल, पुढच्या रांगांत पांढऱ्या केसांचे भागधारक, बिस्किटांच्या पुड्या खिशात घालणारे. ती दाराशी! येणाऱ्याला एक एक शेडकार्ड देत होती. मला बघून थबकली.

कुणाला काही विचारायचंय का, असं पुकारलं तेव्हा माझे पाय आपोआप उठले. माईक हातात. यंदा निळ्यात नवीन काही का आलं नाही, एवढंच विचारता आलं. हॉल हसला. अध्यक्षही हसले, चांगली सूचना आहे म्हणाले. ती हसली नाही. बघत राहिली.

सहाही ठराव मंजूर.

२३ जुलै

दोनशे एकतीस! एका दिवसात!

२४ जुलै

का वाढला ते मामानं पेपरातून वाचून दाखवलं. जुनं आवार विकणार. खर्च वाचणार. हातानं शेडकार्डं करणारा विभाग बंद, ते काम आता मशीन करणार. चाळीस माणसं कमी.

चौथा ठराव.

मामा म्हणाला, आता तरी वीक, फी भर आणि सूट. मी म्हटलं, तिच्या खुर्चीवरून उचललेले पैसे आहेत हे, मी हात लावणार नाही. मामानं पेपरची घडी करून गल्ल्याखाली सारली.

खरं लिहितो. अडीचशे होईल असंही वाटत होतं.

२८ जुलै

दोनशे चाळीस. वाट बघतोय. तिची की भावाची, आता नीट सांगता येत नाही.

३० जुलै, बुधवार

दुकान आवरताना आली. जुनी कार्डं परत न्यायला, शेवटची फेरी. भिंतीवरून एक एक काढत होती. मला राहवलं नाही. सगळं बोललो — शेअर, सहा वेळा 'हो', चौथा ठराव, सगळं. माफ कर म्हटलं.

ती कार्डांना रबर लावत होती.

"मीपण 'हो'च दिलं," म्हणाली.

मला वाटलं थट्टा करतेय.

"कंपनीनं दिलेले तीनशे शेअर होते माझ्याकडे. आठ वर्षं त्या चौकोनांत डोळे घातलेत मी, चष्मा लागला. भाव वाढला त्याच दिवशी विकले. बहिणीकडे चाललेय, तिथं दोघी मिळून काहीतरी करू." मग माझ्याकडे बघून, "तू विकलेस ना?"

नाही म्हटलं.

"कशासाठी ठेवलेस?"

मी शेवटचं कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

ती गेली. भिंतीवर चौकोनी, स्वच्छ जागा राहिल्यात. बाजार तर केव्हाच बंद झाला होता. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

३१ जुलै

उघडताक्षणी विकले. दोनशे छत्तीस. फोन घेऊन कॉलेजात धावलो. रांगेत उभं राहून खातं बघतोय — रिकामं. मामाला फोन केला. विकल्याचे पैसे दुसऱ्या दिवशी येतात रे, म्हणाला. आणि मग हळूच — माझ्याकडे आत्ता एवढे नाहीत, माल उचललाय.

खिडकीतल्या क्लार्कबाईंना हातापाया पडून सांगितलं. उद्या नाही चालणार बाळ, म्हणाल्या. चारला खिडकी बंद.

१ ऑगस्ट

दहा वाजता पैसे आले. बाबांना सगळं सांगितलं, तिच्यासकट.

 त्यांनी विचारलं, फायदा किती झाला. साडेचार हजार, म्हटलं.

"म्हणजे तुझं एक वर्ष साडेचार हजाराला गेलं. स्वस्त की महाग रे?"

खरंच विचारत होते.