कॉफीच्या दोन बिया

प्रिय सेमवांगा,

या आठवड्यात जंगलाच्या कडेची सगळी कॉफी एकदम फुललीय. झुडपं पांढरीशुभ्र झालीत आणि वास पार चुलीपर्यंत येतोय. शिंकून शिंकून आमच्या हिची पुरेवाट झाली.

फुलं पाहिली की तुझी आठवण येतेच. अठरा वर्षांचे होतो आपण. तुझ्या बाबांनी झाडाच्या सालीचं कापड अंथरून आपल्याला समोरासमोर बसवलं, कॉफीच्या एका फळातल्या दोन बिया काढल्या, आणि बेंबीजवळ चीर देऊन ज्याची त्याची बी त्याच्या रक्तात भिजवली. माझी तू खायचीस, तुझी मी. की झालो रक्ताचे भाऊ. "दगा देईल त्याचं पोट फुगून जीव जाईल," बाबांनी बजावलं. तू लगेच म्हणालास, "कागवाचं तर आत्ताच फुगलंय, केळी खाऊन!"

भावाचं नातं तू जन्मभर निभावलंस. माझं घर जळालं, तेव्हा छपराचं गवत डोक्यावरून वाहून आणलंस. मी तापाने फणफणलो, तेव्हा अकरा दिवस उशाशी बसलास. घोरून मला झोपू दिलं नाहीस ते वेगळंच.

आता पुढचं वाचून कागद फाडू नकोस. तुझी बी मी गिळलीच नव्हती. जिभेखाली धरली आणि केळीच्या बागेत जाऊन थुंकलो. तुझ्यावर विश्वास होता रे, माझाच माझ्यावर नव्हता. उद्या हातून काही चुकलं तर मरू, अशी भीती वाटली. पुढे तू 'भावा' म्हणून हाक मारलीस की सांगावंसं वाटायचं, पण जीभ रेटायची नाही. त्यात चाळीस वर्षं गेली.

आज लिहितोय ते माझ्या लेकीसाठी, नामुबिरूसाठी, आणि तुझ्या मायांजासाठी. पोरांचं एकमेकांवर मन बसलंय. परवा दोघं माझ्यापुढे येऊन बसली. मायांजा म्हणाला, "काका, तुम्ही दोघं रक्ताचे भाऊ, म्हणजे आम्ही भाऊबहीण लागतो, बाबा ऐकायचे नाहीत. आम्ही दूर कुठंतरी निघून जातो. तुमचा निरोप घ्यायला आलो." नामुबिरूने मान वर केली नाही. मी त्यांना थांबवून ठेवलंय. ती भाऊबहीण नाहीत, सेमवांगा, आणि ते माझ्या भित्रेपणामुळे. वडीलधाऱ्यांपुढे उभा राहून हे मी सांगेन, मग माझी शोभा व्हायची ती होवो. यापुढे मला भाऊ म्हणू नकोस, हवं तर. तो तुझा हक्क आहे. पण पोरांसाठी ये. व्याही म्हणून ये.

तुझाच, अजून तरी,
कागवा