बाबांच्या बिलाची मुदत

६ सप्टेंबर

बाबा नाही म्हणाले! डॉक्टरांच्या तोंडावर. "हृदयाची झडप फार अरुंद झालीय, याच महिन्यात ऑपरेशन करून टाकू," इतकं स्पष्ट सांगितलं त्यांनी. बाबा शर्टाची बटणं लावत म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू. पैसे अडकलेत." जसा काही स्वयंपाकघराला रंगच द्यायचाय!

अडकलेत म्हणे. आठ लाखांचं ट्रेझरी बिल आहे, ११ ऑक्टोबरला मुदत संपते. तोपर्यंत हा माणूस प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून उभा राहणार आणि मी मागे पिशव्या घेऊन. डोकं फिरलंय माझं.

७ सप्टेंबर

अबोला. त्यांचा नाही, माझा. त्यांच्या लक्षातही आलेलं नाही.

८ सप्टेंबर

दादाला फोन केला. तीन वर्षं घरी आलेला नाही. बाबांशी बोलणं वाढदिवसापुरतं. म्हणाला, "विकून टाका ना ते बिल, एवढं काय त्यात! आणि मी येतोच आहे ऑक्टोबरात. बाबांना सांगितलंय मागेच."

मला कुणी सांगितलं नव्हतं. या घरात सगळं मला शेवटी कळतं.

९ सप्टेंबर

शेवटी बाबांनाच विचारलं, हे बिल म्हणजे नक्की काय. चिडतील असं वाटलं होतं, तर खुललेच! तीस वर्षं बँकेच्या डीलिंग रूममध्ये, असल्याच बिलांच्या खरेदी-विक्रीत काढलेला माणूस.

"याच्यावर व्याज नसतं. सरकार म्हणतं, मुदतीला शंभर देईन, आज किती देतोस बोल. लिलावात मी ९८.२८ दिले. मधला फरक, तीच कमाई."

"आणि मधेच विकलं तर?"

"तर उरलेल्या दिवसांची कमाई घेणाऱ्याची. म्हणून तो शंभर देत नाही. पण दिवस सरतात तसा भाव शंभराकडे सरकतो."

मग एकदम आवाज उतरला. "पण सध्या बाजारात व्याजाचे दर वाढलेत. दर वर गेला की भाव खाली. आत्ता विकलं तर मार बसेल."

एवढ्या बोलण्यात दोनदा धाप लागली.

११ सप्टेंबर

हिशेब केला! मी – चित्रकलेची बाई! दशांशकाकांना फोन लावला. ते बाबांच्या हाताखाली शिकले, अजून तिथेच आहेत. आकड्याच्या चौथ्या घरावरून वाद घालायचे म्हणून बाबांनीच हे नाव पाडलं.

काका म्हणाले, "वर्षाचा दर घे. उरलेल्या दिवसांपुरता कर. त्यात एक मिळव आणि शंभराला त्याने भाग." तीस दिवस उरलेत. बाबांनी घेतलं तेव्हाच्या सात टक्क्यांनी भाव ९९.४३. आजच्या साडेसातने ९९.३९.

"म्हणजे मार एवढाच?"

"एवढाच. इतक्या कमी दिवसांत दराने उड्या मारल्या तरी भाव फारसा हलत नाही. साहेबांनीच शिकवलंय मला हे."

आणि शंभराला जे कमी पडतंय ते पुढच्या महिन्याचं. ते अजून कमावलेलंच नाही, मग बुडालं कसं? खरा तोटा आठ लाखांवर तीनशेवीस! डॉक्टर एकदा छाती तपासायचे याहून जास्त घेतात.

बाबांना हे माहीत नाही? झोपेत विचारलं तरी सांगतील. मग माझ्याशी खोटं का बोलले?

१२ सप्टेंबर

कागद त्यांच्यापुढे ठेवला. चष्मा लावून ओळ न् ओळ तपासली. "बरोबर आहे," म्हणाले. वर कौतुकाने हसले! माझ्या तळपायाची आग मस्तकात.

"मग विका."

"मुदतीआधी विकायचं नाही."

"का? जन्मभर खरेदी-विक्रीचाच पगार घेतलात ना?"

त्यांनी कागदाची घडी घातली.

"तुम्हाला ऑपरेशनची भीती वाटतेय. बिलाचं निमित्त आहे नुसतं. घाबरट आहात तुम्ही, बाबा!"

उठून खोलीत गेले, दार लोटून घेतलं. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

१५ सप्टेंबर

आज जिन्यातच खाली बसले. शेजारच्या काकूंनी पाणी दिलं. ओठ निळसर. मी हात धरला तर म्हणतात, "ऑक्टोबर लांब नाही आता."

भीती वाटते. फार.

१६ सप्टेंबर

डॉक्टरांचा फोन. "तुम्ही त्यांना समजवा हो. उशीर होतोय." सगळ्यांना हेच वाटतं, की मी समजवायचं बाकी ठेवलंय.

१८ सप्टेंबर

सकाळी दादाचा फोन. बाबांनीच उचलला. "रजा नाही मिळाली? ... बरं. ... हो, पुढच्या वर्षी ये. जप."

फोन ठेवला. बराच वेळ टेबलावरचं मीठ बोटाने एकत्र करत बसले. मग म्हणाले, "दशांशला सांग, आजच विकून टाक."

"काय भावाने, बाबा?"

"देईल त्या."

दुपारी दवाखान्यात भरती व्हायचंय. त्यांची बॅग भरतेय. दादाला एकदा बघून मग आत जायचं होतं त्यांना – आणि मी त्यांना घाबरट म्हणाले.