भात्याचा दांडा

दौंड,
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

प्रिय शांतवन,

प्रभूच्या नावात सलाम. तू, घरातली माणसं आणि गोठ्यातल्या गाई, सगळे सुखरूप असाल अशी आशा करते.

फोन लावला की तू "धारा काढतोय" म्हणून ठेवून देतोस. भर दुपारीसुद्धा तुझ्या धारा चालूच असतात, अशा गाई तुमच्या न्हावऱ्यातच मिळत असतील. म्हणून पत्र लिहितेय. पत्र मधेच बंद करता येत नाही, निदान कुणाचं आहे हे कळेपर्यंत तरी वाचावं लागतं.

बातमी अशी की आपल्या चर्चच्या ऑर्गनची पुनर्बांधणी झाली त्याला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण झाली. कमिटीनं संगीत महोत्सव काढला आहे. नाताळ येईपर्यंत दर शनिवारी संध्याकाळी एक कार्यक्रम. फाटकावर मोठा फ्लेक्स लागलाय. त्यावर ऑर्गनचा फोटो आहे आणि कमिटीच्या लोकांचे त्याहून मोठे फोटो आहेत. सेक्रेटरी रणपिसे तर असे हसतायत, जणू सगळ्या नळ्यांत त्यांनीच फुंकर घातली.

पहिला कार्यक्रम परवा झाला. केडगावच्या मुली गायला आल्या होत्या. फार गोड गायल्या. बाजारपेठेतली माणसंही आली होती. कांद्याच्या वखारीचे सर्जेराव आप्पा पहिल्या रांगेत बसून शेजारच्याला मोठ्यानं म्हणाले, "हाय का न्हाई कमाल! नुसता वारा खाऊन एवढं गाती ही पेटी. आपली सून जेवूनबी बोलत न्हाई." पाळकसाहेबांना हसू आवरेना.

वाजवणं कसं झालं म्हणशील, तर चांगलं झालं. ऑर्गन ठणठणीत आहे. मंडळी मला अजूनही कौतुकानं म्हणतात, "राजश्रीबाई गीत सुरू करायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करतात." म्हणू देत.

आता कामाचं. शेवटच्या कार्यक्रमाला जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. रणपिसे म्हणतात, मोटरच्या आधी ऑर्गनला हातानं वारा भरायचा तो भात्याचा जुना दांडा मिळाला तर काचेच्या कपाटात ठेवू, खाली नावाची पट्टी लावू. मी म्हटलं, बघते विचारून. तो दांडा तू गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलायस, हे तुझ्या लेकीनं, पूनमनं मला कधीच सांगितलंय. शिसवी लाकूड, त्यावर तुझ्या तळव्यांनी आलेली चकाकी, आणि तू तो गाईंच्या अंगाला घासायला ठेवलास! पूनम माहेरी आली की तिच्या स्कुटीवर बांधून दे. ती केडगावला सासरी नेईल, तिथून मी घेऊन येईन.

हवं तर स्वतःच आण. चौफुल्यावरून एसटी मिळते. हे आपलं सहज लिहिलं.

घरात सर्वांना सलाम.

तुझी ताई,
राजश्री


दौंड,
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

प्रिय शांतवन,

सलाम. तुझा निरोप पोचला. पूनमनं तुझ्याच आवाजात सांगितला: "आत्याला सांग, आडसर काढला तर गाय भाईर पडंल. आन् मला काय काचंत बसायची हौस न्हाई." पोरगी नक्कल इतकी हुबेहूब करते की मला क्षणभर तू दारात उभा आहेस असं वाटलं. मी तिला म्हटलं, "तुझ्या बापाला सांग, काचेत दांडा बसणार आहे, तो नाही." तर म्हणते, "आत्या, बाबांना ते दोन येगळं वाटतच न्हाईत."

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. चहा गॅसवर ठेवते आणि विसरते. काल उपदेश कशावर होता तेही सांगता येणार नाही. त्यात परवाच्या शनिवारी जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मागच्या पत्रात मी काही गोष्टी गाळल्या होत्या, त्याही येतील त्यात. ओघातच येऊ देत.

कार्यक्रम ऐन रंगात आला होता. उभं राहायला जागा नव्हती. चौथ्या गीताच्या मध्यावर लाईट गेली. अंधाराचं काही नाही रे, लोकांनी मोबाईल काढले. पण मोटर थांबली. वारा सरला तसा सूर खाली खाली येत गेला आणि शेवटी म्हशीनं सुस्कारा सोडावा तसा आवाज होऊन सगळं बंद पडलं. मागून पोरं हसली. इन्व्हर्टरवर ती मोटर चालत नाही हे रणपिशांना त्या वेळी कळलं.

तू विचारशील, ताई, तू काय केलंस?

मी बाकावर नव्हतेच, शांतवन.

महोत्सव मी वाजवत नाही. एकही कार्यक्रम वाजवलेला नाही. पुण्याहून सार्थक नावाचा मुलगा येतो, तो वाजवतो. रीतसर शिकलेला आहे, आणि हात फार सुरेख आहे त्याचा. मला दुष्टपणा करायचा असता तरी त्याच्याविरुद्ध बोलायला काही सापडत नाही. मला "मॅडम" म्हणतो, जिना चढताना हात देतो. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं सकाळी उठतच नाहीत, दुपारपर्यंत उठली तरी त्यांच्या मर्जीनं चालतात. दोन रविवार गीत चुकलं. कमिटीनं फार प्रेमानं मला बोलावलं, चहा पाजला, आणि उद्घाटनाच्या दिवशी शाल दिली. पहिल्या रांगेत माझ्या नावाची खुर्ची आहे. रविवारची उपासना नाताळापर्यंत माझ्याकडे. नाताळच्या सकाळी शेवटचं वाजवायचं, मग विश्रांती घ्यायची. "विश्रांती" हा शब्द रणपिशांचा. शाल चांगली आहे, लोकरीची. मी ती कपड्यांच्या पेटीत तळाला टाकली आहे.

हे तुला कळू नये असं मला वाटत होतं. का ते तुला ठाऊक आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मंडळीसमोर उभं राहून त्या वेळच्या सेक्रेटरींनी मोटरचं बटण दाबलं आणि म्हणाले, "आता भात्याला माणूस लागणार नाही." सगळी मंडळी हसली. वाईट हेतू नव्हता कुणाचा. तू ऑर्गनमागच्या बोळात दांडा धरून उभा होतास, तो तसाच हातात घेऊन मागच्या दारानं गेलास. मी पुढे बाकावर होते. मला पडद्यामागचं काय दिसणार! उपासना संपल्यावर मागे आले तर तू नव्हतास, आणि आठवड्यानं कळलं की तू दौंडच सोडलंस.

त्याचा राग मला आजही आहे, हे स्पष्ट लिहिते. तुझा अपमान त्यांनी केला आणि टाकून मला गेलास. लहानपणापासून आपण दोघं मिळून एक बाजा वाजवत होतो. मला निदान सांगून तरी जायचंस.

तर त्या अंधारात काय झालं ते सांगते. पाळकसाहेबांनी तसंच गीत धरलं, लोक गाऊ लागले, सार्थक बिचारा पट्ट्यांवर हात ठेवून बसलेला. मी उठले. कुणी विचारलं नाही, बाईंना बाहेर जायचं असेल असं वाटलं असणार. पडद्यामागे गेले. दांड्याचं भोक तसंच आहे रे, कोळ्याची जाळी धरलेलं. संडे स्कूलच्या झेंड्याची काठी तिथं कोपऱ्यात होती, ती आत घातली आणि दाबली. भाता वर आला! सार्थकला कळलं, त्यानं लगेच सूर धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दीड कडवं. तेवढंच जमलं मला. मी घाईघाईनं दाबत होते, त्यामुळे सूर हेलकावे खात होता. ओळ लांबली की वारा अपुरा, ओळ संपली की जास्त. काठी निसटत होती. पदर गुंडाळला, घाम डोळ्यांत गेला, आणि तिसऱ्या ओळीला बाजानं पुन्हा दम टाकला. तेवढ्यात लाईट आली, मोटर घरघरली, आणि माझी कुणाला गरज उरली नाही. मी तिथंच पायरीवर बसून राहिले.

एवढी वर्षं मला वाटायचं, वाजवते मी आणि तू मला वारा देतोस. तिथं बसल्यावर कळलं की तू मागे उभा राहून गात होतास. मनातल्या मनात, प्रत्येक ओळ. त्याशिवाय तो दांडा तसा चालवताच येत नाही.

आणखी एक सांगायचंय. भाता भरला की तू आतून लाकडावर एकदा टकटक करायचास, आणि ती ऐकल्याशिवाय मी पट्टीला बोट लावत नसे. मोटरला टकटक करता येत नाही. पण मला अजून तसं लगेच सुरू करता येत नाही. हात ठेवते, डोळे मिटते, थांबते. लोकांना वाटतं प्रार्थना.

दांडा कपाटासाठी नकोच मला. शेवटचा कार्यक्रम वीस तारखेला आहे. समारोपाचं गीत मला दिलंय, दयेपोटी. तू ये. मला तू हवा आहेस. एवढंच लिहायला मी चार पानं भरली.

तुझी,
ताई


दौंड,
रविवार, २१ डिसेंबर २०२५

शांतवन,

हे पत्र पोस्टानं वेळेत पोचणार नाही, म्हणून पूनमच्या हाती देते आहे. ती समोर बसून चहा पितेय आणि "लिव्हा की आत्या पटकन, मला पाव्हणं यायच्या आधी न्हावरं गाठायचंय" म्हणतेय. तिला विचारलं, "बाप कुठे होता काल संध्याकाळी?" तर म्हणाली, "मला काय ठाव न्हाई." आणि बशीत बघून हसली.

मी बाकावर बसले तेव्हा माझी बोटं गार पडली होती. सार्थकनं पुस्तक उघडून दिलं आणि तो बाजूला झाला. मी हात ठेवले, डोळे मिटले, नेहमीसारखे. आणि मोटर थांबली. मला वाटलं, झालं, पुन्हा लाईट गेली. डोळे उघडले तर वरचे सगळे दिवे चालू. रणपिसे खुर्चीतून अर्धे उठले होते.

आणि मग टकटक झाली.

मी कसं वाजवलं ते मला विचारू नकोस. दुसऱ्या कडव्याला डावी बोटं अडखळली, मी मागे पडले. मोटर असती तर तिला काय त्याचं. पण वारा मला धरून राहिला. शेवटच्या ओळीला तर तू असा भाता दिलास की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सर्जेराव आप्पा रडत होते, ते कशाला कोण जाणे. मीही रडत होते, पण माझं कारण मला माहीत आहे.

नंतर शाल, नारळ, फोटो. मला कुणी सोडेना. मी धावत मागे आले तर बोळ रिकामा, मागचं दार उघडं. दांडा भोकात तसाच. त्याला गोठ्याचा वास येतोय, आणि एक वैरणीची काडी चिकटलेली होती.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दांडा ठेवून गेलास, याचा अर्थ मी काय घ्यायचा? चोरीचा माल परत केला आणि हिशेब संपवला, असं असेल तर तू काल आलासच नसतास तर बरं झालं असतं. की ज्याला परत यायचं असतं तो आपली वस्तू ठेवून जातो, तसं? तू कधी नीट बोलला नाहीस, शांतवन. सगळं माझ्यावर सोपवून जातोस. आणि गाय? अडसर इथं असताना गाय कशानं अडवलीस?

सकाळी उपासना झाल्यावर रणपिसे कपाटाची किल्ली घेऊन आले. "बाई, दांडा मिळाला म्हणे. द्या, पट्टी छापून तयार आहे." मी म्हटलं, "देता येणार नाही. तो वापरात आहे." त्यांनी किल्ली खिशात टाकली. मग हळूच म्हणाले, "मग नाताळला मोटर लावायची का नाही?" मी म्हटलं, लावायची नाही. असं म्हणून तर बसले. तू आला नाहीस तर नाताळच्या सकाळी भरल्या चर्चमध्ये मी मुक्या बाजासमोर बसलेली असेन. पण मी शब्द फिरवणार नाही.

गुरुवारी सकाळी साडेनऊला उपासना. माझी शेवटची. धारा लवकर काढ. मागच्या बोळातली जाळी मी स्वतः झाडली आहे, दार नुसतं लोटून ठेवीन. पुढे खुर्ची देत नाही तुला, तुझी जागा मागेच आहे, जशी माझी पुढे. आणि या वेळी गीत संपल्यावर पळायचं नाही. घरी येऊन जेवायचं.

मी हात ठेवीन, डोळे मिटीन आणि थांबेन. टकटक ऐकल्याशिवाय सुरू करणार नाही. तोवर लोकांना वाटू दे मी प्रार्थना करतेय.

करतच असेन.

थांबलेली,
तुझी ताई