बायकोशेजारची जागा

मी, धंद्याने कबरींच्या दगडांवर अक्षरे कोरणारा, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. सांगणारी होती ती गेल्या हिवाळ्यात गेली.

राहते घर मुलाचे. मात्र रस्त्याकडची खोली आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, हयात असेपर्यंत तिची. तिने खिडकी उघडी ठेवली तर कोणी बंद करू नये. मी आयुष्यभर बंद करत आलो, एकदाही जिंकलो नाही.

छिन्न्या, हातोड्या आणि पॉलिशचे यंत्र सुनेला. मुलाला राग येईल. त्याने एका जोडकबरीच्या दगडावर नवऱ्याबरोबर जिवंत बायकोचेही मृत्यूसाल कोरून ठेवले होते. ती बाई अजून मला रस्त्यात ओळख दाखवत नाही. सून कोरण्याआधी वाचते.

पाववाल्या शेजाऱ्याने नेलेली शिडी त्यालाच बक्षीस. तशीही ती परत यायची नव्हती.

आता मुख्य कलम. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या दफनभूमीत माझ्या नावे जोडकबर आहे. डावीकडे बायको आहे. उजवीकडची जागा नियमाप्रमाणे नवऱ्याची. तो हक्क मी सोडत आहे. तिथे आक्काला ठेवावे. मला भिंतीकडच्या ओळीत पुरावे, जिथे एकट्यादुकट्यांना पुरतात.

कारण असे. आई लवकर गेल्यावर आक्काने माझ्या बायकोला लहानाचे मोठे केले, त्यात स्वतःचे लग्न राहून गेले. बहिणीच्या पाठोपाठ आमच्याकडे आली ती राहिलीच. तिचे-माझे कशावर एकमत झाल्याचे आठवत नाही. बायकोला पुरले त्या दिवशी तिने खड्डा खणणाऱ्याला विचारले, "आणि मला कुठं ठेवणार?" त्याने भिंतीकडे बोट केले. आक्का म्हणाली, "बरं." माझ्या घरात जिने कधी कशाला बरं म्हटले नाही, तिने याला म्हटले.

पाळकसाहेब म्हणाले, "अहो, तो तुमचा हक्क आहे!" मी म्हटले, "म्हणून तर देता येतो. दुसऱ्याचा हक्क मी कसा देणार?" त्यांनी रविवारी उपदेशात तेच वाक्य स्वतःचे म्हणून सांगितले. ते वाक्यही मी त्यांना बहाल करतो. प्रभूने तर धनी असून चाकरासारखे दुसऱ्यांचे पाय धुतले. मला नुसते भिंतीकडे सरकायचे आहे.

पण मला बायकोच्या शेजारीच निजायचे होते. फार वाटत होते. हे लिहून ठेवतो, नाहीतर मुलाला वाटेल, बापाला काय त्याचे.

जोडकबरीच्या दगडावर मागे राहिलेल्याचे नावही आधीच कोरतात, फक्त मृत्यूसालाची जागा मोकळी सोडतात. तसे माझेही कोरलेले होते. कोरलेले अक्षर बुजवता येत नाही, अख्खा थर घासावा लागतो. म्हणून दगड कारखान्यात आणला आणि घासायला बसलो. तेवढ्यात आक्का चहा घेऊन आली.

"भाऊजी, हे तर तुमचं नाव!"

"होतं. आता तिथं तुमचं येईल."

आक्का स्टुलावर बसली. माझ्यासाठी आणलेला चहा तिनेच पिऊन टाकला. मग म्हणाली, "तुम्ही आधी गेलात, तर मी रोज त्या भिंतीपाशी येऊन बसणार."

"तिथं चिखल असतो."

"बसणार म्हटलं ना!"

या एका बाबतीत माझी हरकत नाही. सबब मुलाने भिंतीपाशी, माझ्या उशाशी, एक खुर्ची ठेवावी. पाठ टेकता येईल अशी.

वरील मजकूर वाचून, समजून, खाली सही केली.

सही: दगड कोरणारा

साक्षीदार:
१. डॉक्टर (मी शुद्धीवर असल्याचे यांनी दोनदा तपासले)
२. शाळेतल्या बाई (शुद्धलेखन यांनी तपासले)

ठिकाण: कारखान्याची मागची खोली
दिनांक: रविवार, उपासनेनंतर